गुरुवारची सुई आणि आप्पांचा डावा हात

भूल देणाऱ्या डॉक्टरकडे सांगण्यासारखं काही नसतं, असा लोकांचा समज आहे. बरोबरच आहे म्हणा! आमचा पेशंट झोपलेला, सर्जन घाईत, आणि नातेवाईक बाहेर सर्जनचे पाय धरायला उभे. पेढे आले तरी पहिला पेढा सर्जनला आणि शेवटचा, फुटलेला, मला.

पण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बीडच्या एका छोट्या खासगी दवाखान्यात मी गुरुवारची दुखण्याची ओपीडी सुरू केली आणि सगळं पालटलं. कारण इथले पेशंट जागे असायचे! जागा माणूस म्हटला की बोलणार, आणि आमच्याकडचा माणूस बोलला की किस्सा झालाच. आमच्या भिशीतल्या बायका म्हणतात, लिहून काढ. मी म्हणते, कुठला आधी लिहू? एकाला आत घ्यावं तर मागे चार जण नंबर लावून उभे.

आधी ओपीडी कसली ते सांगते. लकवा मारून गेल्यावर काही जणांना दोन-चार महिन्यांनी नवीनच त्रास सुरू होतो. ज्या हातातली ताकद गेली, नेमका तोच हात ठणकायला लागतो. सुजतो, निळसर दिसतो, गार पडतो, अंगावरच्या चादरीचा स्पर्शसुद्धा सहन होत नाही. "जो हात गेलाच हाय, त्यो दुखतो कसा?" असं प्रत्येक जण विचारायचा. मलाही तेच कोडं होतं.

मानेत नसांचा एक गुच्छ असतो, तो हातातल्या रक्तवाहिन्या आवळून धरतो. तिथे सुईनं बधिर करायचं औषध सोडलं की वाहिन्या सैल पडतात, रक्त खेळायला लागतं, हात गरम होतो आणि ठणका थांबतो. कुणाचा दोन तास थांबतो, कुणाचा पंधरा दिवस, कुणाचा थांबतच नाही. असं का, हे मी पुस्तकं उलटीपालटी करून शोधायचे. पूर्ण उत्तर कधी सापडलं नाही.

आम्ही तिघं होतो. मी, म्हणजे 'भुलीच्या मॅडम'. सिस्टर कुंदा, जिच्या शिस्तीला सर्जनसुद्धा टरकून असायचे. आणि वॉर्डबॉय रहीममामू. हाताचं तापमान मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं, मामू होते. तरुणपणी बेकरीच्या भट्टीवर काम केलेला माणूस. पेशंटच्या दोन्ही हातांना पंजाची मागची बाजू लावायचे, डोळे मिटायचे आणि जाहीर करायचे, "मॅडम, लेफ्ट गरम हाय, राईट थंडा." कधी चुकले नाहीत.

* * *

पहिला पेशंट शिरूर कासारकडचा. मेंढरं राखणारे एक आजोबा. सोबत मुलगा, पुतण्या आणि निम्मी वस्ती.

सुई नेमकी जागेवर लागली की त्या बाजूची पापणी खाली येते, डोळा लाल होतो, नाक चोंदतं. चार-सहा तासांत सगळं जागच्या जागी येतं. उलट ती आमच्यासाठी आनंदाची खूण! आजोबांची उजवी पापणी झरकन खाली आली आणि मी खुशीनं कुंदाला म्हणाले, "पडली बघ!"

हे नातेवाइकांना आधी सांगायचं असतं, हे मात्र मी साफ विसरले होते.

मुलगा आत आला, बापाचं तोंड बघितलं आणि पेटलाच. "हात दाखवाया आणलता आमी! डोळा कावून काढला?" पुतण्यानं दार अडवलं. बाहेरची वस्ती आत. मी समजावतेय, कुंदा ओरडतेय, मामू खुर्च्या बाजूला घेतायत. 

आजोबा टेबलावर बसून उजव्या हाताची बोटं उघडझाप करत होते. कितीतरी दिवसांनी दुखत नव्हतं. त्यांनी एकदाच आवाज टाकला, "गप बसा बे! एका डोळ्यानं मेंढरं दिसत न्हाईत व्हय?"

संध्याकाळपर्यंत डोळा उघडला. पण त्या बाजूला अशी बातमी पसरली की पुढे तिकडच्या कुणाची पापणी पडली नाही तर नातेवाईक मलाच जाब विचारायचे, "मॅडम, औषध डुप्लिकेट लागलं का?"

* * *

मग नेकनूरचे मन्मथआप्पा आले. लिंगायत वाणी, किराणा दुकानदार. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात दोऱ्याला चांदीची डबी आणि डबीत इष्टलिंग. डावी बाजू लकव्यानं गेलेली. पाय सुधारला होता, हात नाही. तो ठणकणारा हात त्यांनी उजव्या हातानं असा धरला होता की मलाच बघवेना.

कुंदाचा नियम असा की सुई मानेत द्यायची तर गळ्यात काहीही नको. मंगळसूत्रंसुद्धा ती उतरवून घ्यायची.

"आप्पा, डबी काढा."

"न्हाई."

"फक्त दहा मिनिटं."

"सिस्टर, मान कापा. दोरा काढायचा न्हाई."

झालं! दोघंही हट्टी. अर्धा तास घासाघीस. मी दोरा बाजूला सरकवते म्हटलं तर कुंदा ऐकेना, मी डबी बायकोच्या, आक्कांच्या हातात द्या म्हटलं तर आप्पा ऐकेनात. लिंग अंगावरून उतरत नाही म्हणजे नाही. शेवटी कोपऱ्यात बसलेल्या आक्कांनी जांभई दिली आणि म्हणाल्या, "उजव्या दंडाला बांधा की."

 आप्पा म्हणाले, "आगं मंग आधी सांगाचं न्हाई व्हय?"

"मला कुणी इचारलं?"

दंडाला डबी बांधली. बांधता बांधता मी विचारलं, "आप्पा, हातानं काय काय करता आलं पाहिजे?" हा माझा नेहमीचा प्रश्न. कुणी घास म्हणतं, कुणी बटण म्हणतं. आप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा आवाज बदलला.

"दुकान पोरं बघत्यात, मॅडम. घास उजव्या हातानं खातो. मला फकस्त सकाळची पूजा पायजे. लिंग डाव्या तळहातावर घ्याचं आन उजव्या हातानं पाणी घालायचं, बेल व्हायचा. आठव्या वर्षापासून एक दिवस चुकला न्हाई. आता तळहात वर कराया गेलं की खांद्यापासून कळ निघती. मठातले स्वामी म्हनले, चालतंय, उजव्या हातावर घ्या. मंग पाणी कोण घालनार? ही घालती. पूजा हिची होती, मी नुसता बघतो."

"पूजेबिगर पाणी बी घेत न्हाईत," आक्का म्हणाल्या. "आन आशी पूजा पटत न्हाई, म्हनून जेवन बी जात न्हाई. बघा की कसे झालेत."

खरंच सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसत होता. मला फार वाईट वाटलं. एका तळहातासाठी माणूस झिजत चालला होता.

सुई झकास लागली. पापणी पडली, मामू म्हणाले "लेफ्ट गरम", आणि आप्पांनी तळहात हळूहळू वर केला. पूर्ण! मी म्हटलं, घ्या लिंग, करा पूजा.

"आंघूळ कुठं झालीय?" आप्पा म्हणाले. "नाष्टा न्हाई, पाणी न्हाई, तुमी उपाशी बोलावलं म्हनून तसाच आलतो. घरी जाऊन आंघूळ करतो, मंग बसतो." आणि आनंदानं स्टँडकडे गेले.

पुढच्या गुरुवारी परत हजर. नेकनूरची गाडी तासभर उशिरा लागली, वाटेत पंक्चर झाली, घरी पाणी तापवून अंघोळ होईस्तोवर हात पुन्हा गार आणि ठणका सुरू! "मॅडम," आप्पा म्हणाले, "देव भेटाया आलता, मी यष्टीत हुतो."

* * *

याच सुमाराला मला एक गोष्ट छळत होती. लकव्याचे पेशंट आम्हाला सगळीकडून यायचे, पण लांबून जीपनं येणाऱ्यांचे खांदे जास्त बिघडलेले असायचे. का? रस्ता खराब म्हणून? हवा लागते म्हणून? मी वहीत नोंदी केल्या, फिजिशियनशी वाद घातला, काही कळेना.

एकदा मांजरसुंब्याच्या फाट्यावर एका ढाब्यावर चहा पीत होते. समोर जीपमध्ये लकव्याच्या एका माणसाला चढवत होते. वर दोघं, खाली दोघं. वरच्यानं त्याचा चांगला हात धरला तसा खालचा ओरडला, "बे, त्यो हात सोड! त्यो चांगला हाय, त्यो कावून वडतो? ह्यो धर, ह्यो तसा बी कामातून गेलाय!"

आणि लकव्याचा, ढिला पडलेला हात धरून त्यांनी त्या माणसाला धान्याचं पोतं चढवावं तसं वर खेचलं. माझ्या हातातला चहा सांडला. इतके दिवस मी पुस्तकात शोधत होते आणि उत्तर इथे फाट्यावर उभं होतं. चांगला हात जपायचा म्हणून लुळा ओढायचा! हिशेब त्यांच्या परीनं अगदी सरळ होता.

मी धावत गेले. "अहो सोडा! त्या हातानं ओढू नका, खांदा निखळतो!"

"तुमी कोन?"

"डॉक्टर आहे मी. भुलीची."

वरच्या माणसानं मला खालून वर न्याहाळलं. मग म्हणाला, "मंग द्या की भूल. तवर थांबतो आमी."

* * *

एक छोटासा किस्सा सांगते. या सुईनं कधी कधी काही तास आवाज बसतो. औषध शेजारच्या नसेवर उतरतं, दुसरं काही नाही.

शिरूरकडचाच एक मुकादम होता. ऊसतोडीला टोळ्या घेऊन जाणारा. हातात कळा, पण आवाज असा की बोलला की खिडकीची तावदानं थरथरायची. त्याला सुई दिली ती नेमकी टोळी निघायच्या दिवशी. हात गरम झाला, दुखणं थांबलं, पण आवाज पार बसला. नुसती हवा!

गाड्या सुटायच्या तिथे हा उभा. एरवी सकाळपासून दुपारपर्यंत शिव्या आणि आरडाओरडा. त्या दिवशी तो हातवारे करत राहिला आणि बायकांनी आपापसात ठरवून भांडीकुंडी, लेकरं, कोंबड्या सगळं चढवलं. पहिल्यांदाच गाड्या वेळेवर निघाल्या म्हणे.

पुढच्या वर्षी दसरा झाल्यावर त्या टोळीतल्या दोन बायका ओपीडीत आल्या. म्हटलं, कुणाला दुखतंय?

"दुखत कुणाला न्हाई, मॅडम," त्यातली एक म्हणाली. "सोमवारी गाड्या निघायच्यात. मुकादमाला ती सुई परत देता का?"

* * *

आता परत आप्पांकडे, त्यांच्या दुसऱ्या सुईकडे. या वेळी मी ठरवलं की अंघोळ दवाखान्यातच करायची. पण बीडमध्ये पाणी म्हणजे काय हे बीडवाल्यांना सांगायला नको. नळ कधी येईल ते नळालाच माहीत. त्या आठवड्यात टँकरही आला नव्हता. कुंदानं हत्यारं उकळायला राखून ठेवलेली एक बादली होती. तिच्याजवळ मी पाणी मागितलं तेव्हा तिनं माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळले. पण दिली. पुटपुटत दिली.

सुई झाली, पापणी पडली, हात गरम झाला. बादली न्यायची होती. मामू दारात घुटमळले आणि हळूच मला म्हणाले, "मॅडम, पूजेचं पानी हाय. मी उचलू का?"

आप्पांनी आतून ऐकलं. "आरं मामू, उचल की! हात माझा दुखतोय, तुझा न्हाई!"

तर मामूंनी बादली नेली. अंघोळ झाली. सोवळं नेसायला एका हातानं वेळ लागला. पूर्वेला तोंड करायचं तर टेबल फिरवावं लागलं. भस्म घरून आणलेलं पिशवीत सापडेना. मी सारखी घड्याळ बघत होते. दुखण्यावरचं औषध कुणासाठी थांबत नाही.

अखेर आप्पा बसले. तळहात वर केला आणि लिंग ठेवलं. तोपर्यंत औषध उतरायला लागलं होतं. हात थरथरला, तळहात कलला, लिंग घसरलं आणि आक्कांनी झटकन आपला हात खाली धरला. लिंग वाचलं. पण आप्पा रडायला लागले. एवढा पिकलेला माणूस ओक्साबोक्शी रडताना मी तोवर पाहिला नव्हता.

"परत हिचाच हात," एवढंच म्हणाले.

मी बाहेर येऊन भिंतीला डोकं टेकून उभी राहिले. राग कुणावर काढू ते कळेना. कुंदा मागून आली आणि म्हणाली, "मॅडम, एक विचारू? अंघोळ आधी घालून मग सुई द्यायला काय होतं?"

मी डॉक्टर, आप्पा दुकानदार, फिजिशियन एमडी. कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं!

निघताना आप्पा म्हणाले, "पुढल्या गुरवारी यीन. तेवढी एकच बारी. न्हाई जमलं तर मंग तुमाला तरास देनार न्हाई." त्या आठवड्यात ते जेवतील की नाही, याची मला रोज काळजी वाटत होती.

* * *

पुढचा गुरुवार. सगळं कुंदाच्या हुकमानं. आप्पांची अंघोळ आधी. सोवळं आधी. टेबल पूर्वेला. भस्म, बेल, पाण्याचा तांब्या ताटात मांडलेला. डबी उजव्या दंडाला. औषध भरलेली सिरिंज ट्रेमध्ये, वर स्वच्छ फडकं. आक्का भिंतीशी हात जोडून उभ्या.

मी आप्पांची मान मागे टेकवली, स्पिरिटनं पुसली. दोन बोटांनी नाडी बाजूला सारून जागा दाबून धरली. ही दाबतानाची कळ चांगलीच असते. नेहमीच्या सूचना दिल्या, "आप्पा, आता गिळायचं नाही, हलायचं नाही आणि मी सांगेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. डोळे मिटा."

त्यांनी डोळे मिटले. मी दुसरा हात ट्रेकडे नेला.

दार धाडकन उघडलं. मामू! "मॅडम, सिझर! बाईला लई रक्त चाललंय, सर बोलवतायत, आत्ताच्या आत्ता!"

मी बोटं काढली. पुसलेली जागा स्वच्छ राहावी म्हणून कुंदानं तिथे कापूस ठेवून वर पट्टी चिकटवली आणि आम्ही दोघी पळालो. आप्पांना काही सांगायला वेळच मिळाला नाही.

तिथे तास-सव्वा तास गेला. बाई वाचली, मुलगी झाली, रडली. हात धुताना मला एकदम आठवलं, अरे देवा, आप्पा! आम्ही दोघी तशाच ओल्या हातांनी धावत आलो. मनात म्हटलं, पुन्हा सगळं पहिल्यापासून. पुन्हा पुसा, पुन्हा दाबा.

दाराशी मामू उभे होते. बाकावरच्या पेशंटांना बोट ओठांवर ठेवून गप्प करत होते. मला बघून त्यांनी दार जरासं लोटलं.

आप्पा मांडी घालून टेबलावर बसले होते. मानेवर कापसाची पट्टी तशीच. डावा तळहात छातीसमोर, सपाट, आणि त्यावर इष्टलिंग. उजव्या हातानं ते तांब्यातलं पाणी थेंब थेंब सोडत होते. हात थरथरत नव्हता. आक्का चार हात लांब, भिंतीला चिकटून उभ्या होत्या आणि दोन्ही हातांनी त्यांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. डोळ्यांतून धार चालली होती.

कुंदानं माझा दंड पकडला आणि ट्रेकडे बोट केलं. फडकं जागेवर होतं. आम्ही पाय न वाजवता आत शिरलो आणि तिनं ते उचललं. खाली सिरिंज होती, औषधानं काठोकाठ भरलेली. सुईवरचं टोपण काढलेलंही नव्हतं.

मी आप्पांच्या डोळ्यांकडे बघितलं. दोन्ही पापण्या सारख्या. डोळा लाल नाही. नाक चोंदलेलं नाही.  

आप्पांनी बेल वाहिला. बराच वेळ लिंगाकडे बघत बसले. मग ते डबीत ठेवलं, तीर्थ घेतलं आणि ताटातला खडीसाखरेचा खडा तोंडात टाकला. मामू पुढे झाले, पंजाची मागची बाजू आधी उजव्या हाताला लावली, मग डाव्या. डोळे मिटले.

"मॅडम, लेफ्ट गरम हाय."

मी स्वतः हात लावून बघितला. गरम होता.

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते, देव जाणे. पण आप्पांनीच आपल्या दोन्ही हातांनी, डाव्यानंसुद्धा, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले,

"मॅडम, हात लई हलका हाय तुमचा. आज तर सुई टोचलेली कळली बी न्हाई!"